कंपासपेटीतली मशेरी

मैमुनाबी हसली की आधी ओढणी तोंडावर जाते आणि मग हसू येतं. सात वर्षं मी शारजात तिच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतेय, पण तिचे दात काही मी नीट पाहिले नव्हते. कारण अख्ख्या मजल्याला माहीत होतं. बाई मशेरी लावते. म्हणजे तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ बोटाने दातांना घासत बसायचं. रत्नागिरीकडच्या तिच्या खाडीकाठच्या गावात घरोघरी बायका लावतात, कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. इथे वाटतं. निदान तिच्या मुलाला तरी वाटतं.

मुलगा म्हणजे लियाकत. इंडस्ट्रियल एरियात त्याचं गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करायचं गॅरेज आहे. माणूस गरीब स्वभावाचा, पण आईच्या मशेरीवर त्याचा भारी राग. तीन वर्षांपूर्वी डेंटिस्टने तिच्या गालाच्या आत एक पांढरा डाग दाखवला आणि म्हणाला, तंबाखू आजच्या आज बंद करा. लियाकतने घरी येऊन तिचा हात नातीच्या डोक्यावर ठेवला आणि वदवून घेतलं, यापुढे तंबाखूला हात लावणार नाही. मैमुनाबीने शपथ घेतली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासले.

मी विचारलं, "अहो, शपथ?"

"तंबाखूची घेतली गो. मशेरीची कुठे घेतली? तंबाखू माणूस खातो. ही काय खायची वस्तू आहे? ही दात घासायची पावडर."

असं तिचं कोर्ट. तिथे वकील तीच, जज्ज तीच.

आता माझा गुन्हाही सांगून टाकते, नाहीतर साळसूद म्हणाल. तिच्या घरी भाजली तर वास राहतो आणि लियाकतचं नाक तिखट. माझ्या किचनचा एक्झॉस्ट जोरदार. त्यामुळे महिन्यातून एकदा, सगळे कामावर गेले की, ती माझ्या गॅसवर भाजायची आणि मी खिडकीशी उभी राहून पहारा द्यायची. हमरिया फ्री झोनमध्ये एका कंपनीचं डॉक्युमेंटेशन सांभाळणारी मी बाई, एक कागद इकडचा तिकडे होऊ देत नाही, आणि घरात हे उद्योग. एकदा माझा नवरा सुजीत लवकर घरी आला. म्हणाला, "काय जळतंय?" मी म्हटलं, "माझं डोकं. हातपाय धू आणि बस."

लियाकतची झडती दर शुक्रवारी. तांदळाचा ड्रम, शिलाई मशीनचा खण, औषधांचा डबा, सगळ्या जागा त्याला पाठ झाल्या होत्या. शेवटी मैमुनाबीने एक नामी जागा शोधली. नातीच्या, दुआच्या अभ्यासाच्या खणात तिची जुनी कंपासपेटी पडून होती. मशेरी त्या पेटीत गेली. पोरीच्या अभ्यासाच्या सामानाला बाप कशाला हात लावतोय?

दुआ तेरा वर्षांची. माझी ओवी आणि ती एकाच वर्गात. ओवी तोंडाळ, माझ्यावर गेलीय. दुआ मात्र अशी की वर्गात हात वर करायचा तर आधी घाम फुटायचा. अशा पोरीने या वर्षी आंतरशालेय भाषण स्पर्धेत नाव दिलं. विषय होता, मुलं आणि तंबाखू: कायदा काय म्हणतो. ओवीने माहिती काढून दिली, चार्ट केले, आणि दुआने बोलायचं. महिनाभर आमचा हॉल म्हणजे त्यांचं स्टेज. प्रेक्षक एकच, सोफ्यावर मांडी घालून बसलेली मैमुनाबी. इंग्लिश भाषणातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण दर दोन मिनिटांनी माशाल्ला म्हणायची. पहिल्या आठवड्यात दुआ पडद्याकडे तोंड करून बोलायची. तिसऱ्या आठवड्यात आजीच्या डोळ्यांत बघून बोलायला लागली. त्या दिवशी रशीदा, म्हणजे तिची आई, दारात उभी राहून रडली. मीही रडले, उगाच कशाला लपवू.

एकदा मैमुनाबीने विचारलं, "अगो, पण सांगतेस काय एवढं?"

दुआ म्हणाली, "दादी, अठराच्या खालच्या मुलाला टोबॅको विकला तर फाइन. मिनिमम फिफ्टीन थाउजंड दिर्‍हम्स. ऑर जेल."

"म्हणजे साडेतीन लाख रुपये," मी हिशेब करून टाकला. ती सवय काही जात नाही.

"या अल्ला. आणि पोराला काय शिक्षा?"

"दॅट्स माय पॉइंट. पहिले विचारा, हू गेव्ह इट? आधी मोठ्यांना पकडा."

"बरोबर आहे," मैमुनाबी म्हणाली. "मोठ्यांनाच हाणलं पाहिजे." आणि हे बोलताना तिच्या गालात मशेरी होती. मी किचनमध्ये जाऊन हसून घेतलं.

स्पर्धेला आठ दिवस राहिले होते. बुधवार होता. माझी रजा होती, कारण एसी दुरुस्त करणारा येतो येतो म्हणून तिसऱ्यांदा टांग मारणार होता. साडेअकराला लियाकतचा फोन आला.

"वहिनी, शाळेतून फोन आला. दुआच्या बॅगेत तंबाखू सापडली म्हणतात. माझ्या पोरीच्या बॅगेत. रशीदा क्लिनिकमध्ये ड्युटीवर आहे, फोन उचलत नाही. मी निघालोय, पण इथे सगळं जाम आहे. तुम्ही पुढे जाता का? आणि अम्मीला काही सांगू नका, तिचं बीपी वाढेल."

सकाळी भूमितीचा पेपर होता. दुआने घाईत नवी आणि जुनी अशा दोन्ही पेट्या बॅगेत टाकल्या होत्या, हे मला न बघताच दिसलं.

मी समोरचं दार वाजवलं आणि सगळं सांगितलं. शाळेचा नियम मला पाठ होता, दोन्ही पोरींनी मिळून तो चार्टवर लिहिला होता. बॅगेत तंबाखू सापडली तर तीन दिवस घरी, आणि वर्षभर स्टेज बंद. मैमुनाबी आत गेली, पाच मिनिटांनी आबाया घालून, काखेत पर्स मारून बाहेर आली. "यल्ला, चल," म्हणाली.

टॅक्सीत मी तिला पढवायला बसले. कागदपत्रांतून माल सोडवणं हे माझं रोजचं काम, आणि हे प्रकरण त्याहून सोपं वाटत होतं.

"सरळ सांगायचं, दातांची देशी पावडर आहे. लवंग, हिरडा, कोळसा. मी साक्ष देते. तिथे कोणाला मशेरी माहीत असणार? दुआ सुटली, तुम्ही सुटलात, लियाकतला पत्ता नाही. खलास."

"पावडरच आहे ती," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. तिला माझं पटलं असं मी धरून चालले.

सुपरवायझर मॅडमच्या केबिनमध्ये दुआ खुर्चीच्या कडेवर बसली होती. डोळे लाल, ओठ घट्ट मिटलेले. टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीत कंपासपेटी. मॅडम केरळच्या, आमच्याशी मोडक्या हिंदीत बोलायला लागल्या. "ये बच्ची एक ही बात बोलती है. मेरे बैग में था, तो मेरा है. किसने दिया, नहीं बोलती. एक घंटे से पूछ रही हूँ."

मला एकदम कळलं. पोरीने पेटी उघडल्याबरोबर ओळखलं होतं कोणाची ते. दादीने शपथ मोडली हे अब्बाला कळू नये म्हणून ती स्वतःचं स्टेज घालवत होती. वर्गात हात वर करायला घाबरणारी पोरगी तासभर तोंड मिटून बसली होती.

तेवढ्यात लियाकत आला. हाताला काळं ऑइल, शर्ट घामाने भिजलेला. आईला बघून दारातच थांबला. "अम्मी? तू कशी आलीस?"

मॅडमनी पिशवी मैमुनाबीपुढे सरकवली. "आप बताइए. ये क्या है?"

मी पुढे सरसावले. "मॅडम, अ‍ॅक्च्युअली ये..."

मैमुनाबीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. असा दाबला की माझी साक्ष तिथेच संपली.

"तंबाखू है," ती म्हणाली. "मेरा है. पचास साल से मेरा है. मैंने छुपाया, बच्ची को मालूम नहीं था." मग लियाकतकडे वळली आणि घरच्या भाषेत बोलली, "मशेरी तंबाखूच असते रे. मला पहिल्यापासून माहीत होतं. हिच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलले मी."

दुआ उठली आणि आजीच्या कमरेला मिठी मारून तासाभराचं साठलेलं रडली.

मैमुनाबीने तिला थोपटलं आणि मॅडमना म्हणाली, "कानून में बड़ों को सज़ा है ना? इसी ने सिखाया है मुझे. तो मैं आई हूँ." आणि पर्स उघडून टेबलावर ठेवली. आत तिचं एमिरेट्स आयडी होतं, तसबीह म्हणजे जपमाळ होती, आणि बीपीच्या गोळ्यांची अख्खी पट्टी, दहा दिवस पुरतील एवढी. बाई जेलच्या तयारीने आली होती. म्हणजे मी टॅक्सीत शहाणपणा शिकवत होते तेव्हा हिचं सगळं ठरलेलं होतं.

मॅडमनी गोळ्यांकडे पाहिलं, मग फाइल तोंडासमोर धरली. फाइल हलत होती. जरा वेळाने त्या म्हणाल्या की शाळेच्या नियमात विद्यार्थ्यांसाठी रकाने आहेत, आजीसाठी एकही नाही, आणि त्या प्रिन्सिपलकडे गेल्या. वीस मिनिटांनी परत आल्या. पेटीतला ऐवज नष्ट होणार. घरच्यांनी लिहून द्यायचं. दुआ स्पर्धेत बोलणार. आणि मैमुनाबीला शिक्षा एक, स्पर्धेच्या दिवशी पहिल्या रांगेत बसायचं.

पार्किंगमध्ये येऊन आम्ही सगळे गाडीत बसलो. लियाकत दार ओढून घेत म्हणाला, "अम्मी, भाजायचीस कुठे?"

"नाव सांगणार नाही," मैमुनाबी म्हणाली. नात कोणावर गेलीय ते तेव्हा समजलं.

मी समोरच्या खजुराच्या झाडाचं बारकाईने निरीक्षण करत होते. लियाकत शांतपणे म्हणाला, "वहिनी, तुमच्याकडे भाजी फार करपते, नाही?" आणि मग तो हसायला लागला. इतका हसला की स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. मधेच ते हसणं हसणं राहिलं नाही, मग दुआने मागून हात घालून त्याचे डोळे पुसले.

पुढचे आठ दिवस म्हणजे परीक्षा. पन्नास वर्षांची सवय, ती काय लगेच सुटते? मैमुनाबी लिफ्टला बोलली, वॉचमनला बोलली, आमच्या एसीवाल्याला तर असं झापलं की तो त्याच दिवशी काम पुरं करून गेला. गालात सतत लवंग. एका दुपारी माझ्या किचनमध्ये येऊन बसली आणि गॅसकडे बघत म्हणाली, "हे दात माझे वाटत नाहीत गो." मी तिच्यासाठी चहा ठेवला. लियाकत मात्र त्या आठवड्यात रोज दुपारी जामातून गाडी काढत घरी जेवायला यायचा आणि आईच्या समोर बसायचा. शोधायचं काही नव्हतं, नुसता बसायचा.

स्पर्धेच्या दिवशी पहिल्या रांगेत मधली खुर्ची मैमुनाबीची. दुआ स्टेजवर आली, माइक तिच्या हनुवटीच्या वर होता, तो तिने स्वतः खाली केला. कायदा सांगितला, कलमं सांगितली, दंड सांगितला, सगळं अडखळल्याशिवाय. मग चार्टवर नसलेलं काही बोलली. इंग्लिशमध्येच, पण मला ते मराठीतच आठवतं. म्हणाली, "लहान मुलाच्या बॅगेत तंबाखू सापडली तर त्याला विचारा, कोणाची? तो सांगणार नाही, कारण त्याचं त्या माणसावर प्रेम असतं. म्हणून मोठ्यांनी स्वतःहून सांगावं. माझ्या दादीने सांगितलं."

सगळं सभागृह पहिल्या रांगेकडे बघायला लागलं. मैमुनाबीला काही कळलं नाही. मी कानात मराठी करून सांगितलं. तिने माझा हात धरून ठेवला.

दुआचा दुसरा नंबर आला. ओवी अजून म्हणते, "जजेस वेअर सो अनफेअर," आणि या बाबतीत मी माझ्या मुलीशी सहमत आहे.

मग फोटो. फोटोग्राफर म्हणाला, "दादीजी, स्माइल." मैमुनाबीचा हात सवयीने ओढणीकडे निघाला. दुआने तो मधेच पकडला, आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि सोडलाच नाही. आता हसू तर आलेलं, आणि झाकायला काही नाही. मैमुनाबी तशीच हसली, सगळ्या शाळेसमोर.

लियाकतने तो फोटो मोठा करून त्यांच्या हॉलमध्ये दारासमोर लावलाय. दात काळेच आहेत, आणि वरचा एक नाही.