साठाव्या दिवसाच्या आत

मुलीचा कुवेतचा वर्क व्हिसा आला तेव्हा इथे कुवेतच्याच मिरकाब भागातल्या घरात बसून मी कॅलेंडरवर तीस मेला लाल गोल केला आणि तिला फोन लावला. "याच्या आत विमानात बस. सामानाचं मागाहून बघू."

ती रत्नागिरीला माझ्या वडिलांकडे होती. पुण्याला फिजिओथेरपी शिकली, नुकतीच शेवटची परीक्षा दिलेली. इथे कुवेतला फहाहीलच्या क्लिनिकमध्ये नोकरी लागली होती आणि तिथले लोक जुलैत आलीस तरी चालेल म्हणत होते.

"मम्मी, जूनमध्ये आजोबांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. ड्रॉप्स कोण घालणार?"

"शेजारीण घालील. एप्रिलपासून साठ दिवस भरले की तू तिथली रहिवासी. मग इथल्या पगारावर तिथे टॅक्स भरत बस. स्टुडंट होतीस तोवर ठीक होतं, आता कमावती झालीस."

साठ दिवस म्हणजे साठ! मी नर्स म्हणून इथे आले तेव्हा वॉर्डातल्या एका जुन्या सिस्टरने चहा पिता पिता मला हे सांगितलं होतं. माझ्यामागून आलेल्यांना मी तितक्याच ठामपणे सांगितलं. सीएला कोणी विचारलं नाही. त्यात रजेतला एक दिवस फुकट जाईल, हे आमचं शहाणपण! रजेवर गेलं की कॅलेंडरवर रोज एक फुली मारायची. आई हसायची, "तुरुंगातून सुटून आलीस की तुरुंगात चाललीस गो?"

मग ती अंथरुणाला खिळली. मी रजा घेऊन गेले. मेट्रनने फोन करून सांगितलं, लागलं तर बिनपगारी रजा वाढव. पण अठ्ठावन्नाव्या फुलीला मी बॅग भरली. आई म्हणाली, "अजून चार दिवस थांब ना."

"नियम आहे गं. एप्रिलात लगेच येते," मी म्हटलं.

मी कुवेतला पोचले त्याच्या तिसऱ्या दिवशी ती गेली. खूप रडले. पण नियमापुढे माझं काय चालणार होतं, असं म्हणून मी स्वतःला सावरलं. इतकी वर्षं त्याच एका वाक्यावर काढली.

दोन दिवसांनी मुलीचा फोन आला. आवाजात विजय. "मी सीएंना विचारलं. नोकरीसाठी देश सोडणाऱ्याला साठ नाही, एकशे ब्याऐंशी दिवस. सप्टेंबरपर्यंत टेन्शन नाही!"

"काहीतरीच. त्यांना आखातातलं काय कळतंय?"

"अगं, तुझ्यासारख्या सुटीवर येणाऱ्यांनाही एकशे ब्याऐंशीच."

गॅसवर आमटी होती. मी गॅस बंद केला.

"नवीन नियम असेल."

"छे, जुनाच आहे."

"किती जुना?"

आजी गेली तेव्हा मुलगी शाळेत होती, पण तेव्हाचं सगळं तिला ठाऊक होतं. "मम्मी, नंतर बोलू या का?"

"किती जुना ते सांग."

"आजी होती तेव्हाही हाच होता."

मला राग आला. त्या सिस्टरचा आला, पण ती बिचारी केव्हाच निवृत्त होऊन गावी गेली होती. मग उरले मीच. एवढी शिकलेली बाई, औषधाचा डोस दोनदा तपासून देणारी, आणि हे एवढं एकदाही तपासून घेतलं नाही. पलीकडून मुलगी "मम्मी, आहेस ना?" करत होती.

"आहे. आजोबा जवळ आहेत का? त्यांना विचार, किती दिवस राहू म्हणून. ते सांगतील तेवढे राहा."

फोन ठेवला आणि तीस मेवरच्या गोलाकडे बघत बसले. त्या वर्षीचे माझे शंभरावर दिवस शिल्लक होते. आईने चार मागितले होते.