बेटाला नावं ठेवताना

त्या बेटावर सपाट जागा नाही. हा माझा पहिला मुद्दा होता. डॉमिनिका म्हणजे कॅरिबियन समुद्रातून वर आलेले ज्वालामुखीचे डोंगर, एकाला एक चिकटलेले, आणि त्यांच्या उतारावर जमेल तशी बसलेली गावं. शेजारच्या गावाला जायचं तरी रस्ता आधी चढतो, मग उतरतो, मग पुन्हा चढतो. मोठं विमान उतरेल एवढी धावपट्टीही तिथे नव्हती. दुसऱ्या बेटावर उतरून छोट्या विमानात बसावं लागे.

हे सगळं मी माझ्या मुलीला फोनवर ऐकवायचो. ती त्याच बेटावर राहत होती.

जर्मनीतल्या येनाच्या विद्यापीठातून ती डॉक्टरेट करत होती आणि २०१३ च्या उन्हाळ्यात बेडकांचा अभ्यास करायला तिकडे गेली. एकुलती एक मुलगी. आम्ही नवराबायको आखनमध्ये, आमच्या किराणा दुकानाच्या मागच्या घरात. रविवारी जर्मनीत दुकानं बंद. आम्ही जेवून उठायचो तेव्हा तिकडे सकाळ असायची. तेव्हा फोन व्हायचा.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात वाढलो. हळदीच्या पेढीवर आधी पोती उचलली, मग तोंड चालवायला शिकलो. जर्मनीत आलो तो एका हॉटेलात भांडी घासायला. आज या शहरात इंजिनियरिंग शिकणाऱ्या मराठी पोरांचे पोहे आणि गोडा मसाला माझ्याकडून जातो. यातलं काहीही मला कुणी दिलेलं नाही. भांडून घेतलंय.

समोरच्याच्या मालाची माहिती असल्याशिवाय सौद्याला बसू नये. म्हणून मी बेटाची माहिती काढली. शहराच्या ग्रंथालयातून पुस्तकं आणली, इंटरनेटवर वाचलं. दुकानात येणारी पोरं म्हणायची, "काका, मज्जा आहे! डॉमिनिकन रिपब्लिक म्हणजे नुसते बीच!" मी त्यांना सांगायचो की ते वेगळं आणि हे वेगळं. या बेटावरची वाळू काळी, किनारे थोडे, आणि पाऊस एवढा की वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक नदी आहे असं तिथले लोक म्हणतात.

"केळी गेली ना तुमची?" मी एका रविवारी विचारलं. एके काळी ते बेट केळ्यांवर जगत होतं. जुनी वसाहत म्हणून इंग्लंड त्यांना बाजारात हक्काची जागा द्यायचं. मग व्यापाराचे नियम बदलले, दक्षिण आणि मध्य अमेरिकेतल्या मोठ्या मळ्यांची स्वस्त केळी आली, आणि डोंगरउतारावर घड पिकवणाऱ्यांचा धंदा बसला.

"आमची कुठली, बाबा? पण हो, बरीच गेली."

"मग आता विकतात काय?"

"बे नावाच्या झाडाच्या पानांचं तेल काढतात, दाढीनंतर लावायच्या लोशनमध्ये जातं. थोडा कोको. क्रूझची जहाजं येतात."

"जहाजवाले सकाळी उतरणार, एक धबधबा बघणार आणि जेवायला परत जहाजावर. गावाला काय, उष्टी बाटली?"

"टॅक्सीवाल्यांना मिळतं की."

"आणि पासपोर्ट विकतात. पैसे भरा, नागरिक व्हा. अख्खा देश फळीवर मांडलाय!"

"ते तर तुम्हाला आवडायला हवं," ती म्हणाली आणि हसत सुटली.

बेडकाचं तर विचारूच नका. त्याला तिकडे 'डोंगरी कोंबडी' म्हणतात. दोन तळहातांवर मावणार नाही एवढा बेडूक. त्याच्या तंगड्या तळून खायचे, पाहुण्यांना वाढायचे. मग कुठून तरी एक बुरशी आली. ती बेडकाच्या कातडीवर बसते आणि बेडूक मरतो. काही वर्षांत जवळजवळ सगळे संपले. माझी मुलगी आठवडेच्या आठवडे रानात हिंडायची आणि एकही बेडूक न बघता परत यायची.

"नसलेल्या मालाचा अभ्यास!" मी ओरडलो. "माझ्याकडे माल नसेल तर मी दुकान बंद करतो."

"गेनाऊ, बाबा, अगदी बरोबर. म्हणूनच कुणीतरी उघडं ठेवायला हवं."

त्या डोंगरात एक तळं आहे, राखाडी पाण्याचं, ते उकळत असतं. ती मित्रमंडळींबरोबर त्याच्या काठापर्यंत चालत जाऊन आली, तेव्हा मी म्हटलं, खाली चूल पेटलेल्या जमिनीवर शहाणा माणूस राहतो का? वादळांबद्दल बोललो. दरडींबद्दल बोललो. त्यांच्या झेंड्यावर जो पोपट आहे तो दुसरीकडे कुठेही सापडत नाही म्हणे, तर मी म्हटलं, झेंड्यावर पोपट लावणाऱ्या देशाचं काय सांगावं! आवाज चढायचा. बायको फोन ओढून घ्यायची. "अहो, हळू. रविवारची रूएत्साइट आहे, शांततेची वेळ. वरचे लोक पोलिसांना बोलावतील."

वरचे लोक त्या हिवाळ्यात सोडून गेले आणि दुकानाच्या वरची जागा रिकामी झाली. जर्मन घरमालक भाव करत नाहीत असं सगळे म्हणतात. करतात. त्यांना सवय नसते एवढंच. मी त्याला खिडकीच्या फटी दाखवल्या, न्हाणीघरातली बुरशी दाखवली, जिना म्हाताऱ्या माणसाचा जीव घेईल असं सांगितलं. दोनदा उठून निघालो. शेवटी खिडक्या नव्या बसल्या आणि भाडंही उतरलं. जागा मुलीसाठी होती. ती परत येईल, इथल्याच एखाद्या प्रयोगशाळेत लागेल, संध्याकाळी खाली जेवायला येईल. मी तिला यातलं काही बोललो नव्हतो. हातात किल्ली आल्याशिवाय काय बोलायचं?

किल्ली आली त्याच आठवड्यात, रविवारी, ती म्हणाली, "आल्झो, तर बाबा, मी सही केली."

"कशावर?"

"इथल्या वनखात्याच्या नोकरीवर. थोडे बेडूक जाळीत ठेवून वाढवायचे, त्यांची पिल्लं झाली की रानात सोडायची. ते काम मी बघणार. प्रबंध इथूनच पुरा करीन."

"किती महिने?"

"महिने नाही, बाबा. कायमची."

"मला न विचारता?"

"न विचारता काय? इतके दिवस दर रविवारी दुसरं काय बोलतोय आपण?"

"मी नको म्हणत होतो!"

ती हळू म्हणाली, "नाही हो. तुम्ही नावं ठेवत होतात."

मी म्हटलं, तेच ते.

"तेच कसं? शनिवारी मला व्हॅनमध्ये घालून सीमेपलीकडे हॉलंडच्या बाजारात न्यायचात, आठवतं? जी भेंडी घ्यायची असायची तिला जून म्हणायचात. कोथिंबिरीला पिवळी म्हणायचात, पेटीवर हात आपटायचात, निघून जायचात आणि परत यायचात. आणि जी घ्यायची नसायची तिला?"

मी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"'छान आहे' म्हणायचात. हसून. आणि पुढे. मी इथे जीव मुठीत धरून बसले होते, बाबा एखाद्या रविवारी छान म्हणतायत की काय म्हणून. तुम्ही तर नद्यांची नावं पाठ केलीत. मी आईला म्हटलं, बाबांचं ठरलंय, आता नुसता भाव चाललाय."

मी बायकोकडे वळलो. "तुला माहीत होतं?"

"अहो, माहीत म्हणजे काय, मला वाटलं तुम्हालाच सगळ्यांच्या आधी कळलंय. परवा त्या येनाहून आलेल्या पोराला तुम्हीच नाही का सांगत होतात त्या पोपटाचं? अर्धा तास. बाकीची गिऱ्हाइकं ताटकळत होती."

"त्याला मी वाईटच सांगत होतो."

"तो म्हणाला, काका, जाऊन यायला हवं एकदा."

मला राग यायला हवा होता. माझा राग सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. मी त्याची वाट पाहिली. बायकोनेही पाहिली असावी, कारण तिने समोरची काचेची बरणी उचलून बाजूला ठेवली. काही झालं नाही. हात पाय जागेवर होते, पण ते दुसऱ्या कुणाचे तरी असावेत असं वाटलं. मी उठलो, दुकानात गेलो आणि दिवा न लावता तांदळाच्या गोण्यांवर बसून राहिलो.

माझं म्हणणं आजही तेच आहे. बाजाराची रीत बाजारात. मुलगी म्हणजे भेंडी नाही. एवढी शिकलेली, इतक्या भाषा बोलणारी, तिला बापाचा आवाज ओळखता येऊ नये? मी हे बायकोला ऐकवलं. ती डाळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"'परत ये' असं एकदा तरी म्हणालात का तिला?"

"गरज दाखवली की भाव चढतो," मी म्हटलं.

"मग चढला नाही ना," ती म्हणाली. "बरं झालं."

वरची जागा दोन मराठी विद्यार्थ्यांना दिली. एक औरंगाबादचा, एक चिपळूणचा. दोघेही सायकली जिन्यातच लावतात. त्या महिन्यात मी दुकान उघडत होतो, बंद करत होतो. कुणी तीन दिवस शिळी मिरची परत आणली तर बदलून देत होतो. हॉलंडच्या बाजारात भेंडीवाल्याने दर सांगितला आणि मी पेट्या व्हॅनमध्ये चढवल्या. तो मागे आला. माझ्यावर कैक वर्षं खेकसणारा माणूस, त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आजारी आहेस का म्हणून विचारलं. मी नाही म्हटलं. त्याने आणखी एक पेटी वर ठेवली, फुकट. मी तीही घेतली.

रविवारचे फोन चालू राहिले. बायको बोलायची. जाळीतल्या बेडकांनी फेसाचं घरटं केलंय, मादी पिल्लांना स्वतःची न फळलेली अंडी खाऊ घालते, असलं काहीतरी. बायको "अगंबाई" म्हणायची. मी समोर बसून असायचो. फोन स्पीकरवर असायचा, तेव्हा सगळं ऐकू यायचं. मागे कोंबडा आरवायचा. खरा कोंबडा.

मग एकदा मुलीने विचारलं, "बाबा आहेत ना तिथे?"

"आहेत की. समोरच आहेत."

"बाबा, तुम्ही बोलत का नाही?"

मी म्हटलं, बोलतोय की.

"काहीतरी वाईट बोला ना. रस्त्यांबद्दल बोला. काल इथे पुन्हा दरड आली, दोन गावांचा रस्ता बंद आहे. बाबा? ऐकताय ना? रस्ता बंद आहे."

बायको माझ्याकडे बघत राहिली. मी त्या रस्त्याचा विचार केला. तो मला नकाशावर दाखवता आला असता. डावीकडे समुद्र, उजवीकडे डोंगर, मध्ये एक पूल. बोलायला पुष्कळ होतं.

"जेवलीस का?" मी विचारलं.

तिकडे अजून सकाळच होती.

"हो," ती म्हणाली. "जेवले."