उसाचं शेवाळ

प्रयोगशाळेत मी उंदराच्या मेंदूतल्या पेशी काचेच्या बशीत वाढवते आणि त्यांना खाण्याच्या समुद्री शेवाळाचा अर्क देते. या वेळी त्यांना छान फांद्या फुटल्या. कराडजवळच्या आमच्या घरी आले तेव्हा आईला मी त्यांचा फोटो दाखवला. फौजेतून निवृत्त झालेले बाबा हल्ली उसाला पाणी सोडतात आणि विसरून जातात.

आई उठली आणि उसावर फवारायच्या शेवाळाच्या औषधाचा कॅनच घेऊन आली. "ह्यानं उसाला लय फुटवं आलं. ह्यांच्या दुधात चमचाभर घालू?"

"घाल की," बाबा म्हणाले. "डोक्याला फुटवं आलं तर खुरपं घेऊन भांगलायला तूच ये."

मी कॅन घट्ट धरला. "आई, हे पोटात घ्यायचं नाही. आणि माझ्या पेशी बशीतल्या आहेत गं. माणसाला उपयोग होतो का, ते मला अजून माहीत नाही."

"कवा कळंल?"

मला तिच्याकडे बघवेना. "खूप वेळ लागेल."

आईनं कॅन जागेवर ठेवला आणि बाबांच्या पुढ्यात त्यांच्या चपला आणून ठेवल्या. "आवं, चला, पाणी बघून येऊ."

मीही दोघांच्या मागोमाग निघाले.