मामांनी तांदळात लिहिलेलं नाव

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. अंगात आलेल्या बाईच्या हातात घागर देऊन तिला टँकरपाशी पाठवणारी मी... त्यामुळे हे लिहायला चार वर्षं लागली.

ढोकीजवळचं आमचं गाव. ऐंशीच्या दशकाचा शेवट, दुष्काळ. सासरे — आम्ही त्यांना मामा म्हणतो — साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. रिटायर झाल्यावर मुंबईला बायपास झाली. हृदय सुधारलं, डोकं मात्र तिथंच राहिलं. डॉक्टर म्हणाले, "या वयात काहींना होतं असं. जुन्या गोष्टींची आठवण करून द्या."

मला अधूनमधून ओळखायचे. सासूबाईंना, म्हणजे आत्यांना, मुळीच नाही. जन्मभर "अगं ए" म्हणणारा माणूस त्यांना विचारायचा, "तुमी कोण, बाई?" आणि परक्या बाईच्या हातचं नको म्हणून ताट सरकवायचा. माझ्या हातून जेमतेम दोन घास. अंग झडत चाललं होतं.

"आता लई मान देताय," आत्या म्हणायच्या, "आधी कुठं ठिवला होता?" हसायच्या आणि चुलीपाशी जाऊन बसायच्या.

एका दुपारी मी ताटात तांदूळ पसरले. लग्नात मामांनी असंच तांदळात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहिलं होतं — शांता. म्हटलं, हात तरी विसरला नसेल.

"मामा, ह्या समोर बसल्यात त्यांचं नाव लिहा."

बराच वेळ बघत बसले. मग बोटानं लिहिलं — केरा.

मी तांदूळ पुन्हा सारखे करणार, तोच आत्यांनी माझा हात धरला. त्यांच्या आईची आधीची मुलं जगली नव्हती, म्हणून ही तरी जगावी यासाठी आत्यांना केरात लोळवून ते नाव ठेवलं होतं. आत्या लहान असतानाच आई गेली, सावत्र आईनं ते बदलून दुसरंच ठेवलं; शांता हे लग्नातलं. आमच्या घरात कुणालाच हे ठाऊक नव्हतं. मलाही तेव्हाच कळलं.

"तुमाला कुणी सांगितलं?" आत्यांनी विचारलं.

"दवाखान्यात एक बाई यायची की. म्हणायची, माझी केरा तुमच्याकडं हाय, तिला उपाशी ठिवू नका." मग निरखून बघत, "तुमीच का त्या?"

"व्हय. मीच."

"जेवल्या का?"

"न्हाय अजून."

"मग आणा ताट. संगंच बसू."

दवाखान्यात माझा नवरा सतत त्यांच्याजवळ होता. अशी कुणी बाई आली नाही, असं तो आजही सांगतो. आत्यांच्या माहेरच्या कुणी सांगितलं असेल म्हणून मी चौकशी केली, तर सावत्र भावालाही ते नाव माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, भास होतात. होत असतील... पण नाव कुठून आलं?

मामा पुढं वर्षभर जगले. बायको म्हणून आत्यांना पुन्हा कधीच ओळखलं नाही, केराच्या हातचं मात्र जेवले. मी एकदा विचारलंच, "आत्या, वाईट नाही वाटत?"

भाकरी थापता थापता म्हणाल्या, "शांतानं जन्मभर रांधलं. तिला कधी कुणी इचारलं न्हाय, जेवलीस का म्हणून."