पूनमच्या डाव्या कानाची पाळी

“किसने छेदे कान? सुई गंदी रही होगी!” मी पूनमच्या आईला फैलावर घेतलं. झाशीच्या सिव्हिल लाइन्समधल्या माझ्या दवाखान्यात बाहेर बसलेल्यांनाही ऐकू गेलं असणार.

“हमारे बाबूजी ने, साहब. चिरगाँव में सुनार हैं,” ती म्हणाली. अर्ध्या चिरगावातल्या मुलींचे कान त्यांनीच टोचलेले.

“तो उनसे कहिए, अब बस करें.”

सहा वर्षांच्या पूनमची डावी पाळी सुजली होती. रंग लालसर जांभळा. पू नाही, दुखणं नाही. तिथेच मी थबकायला हवं होतं. पण लहान मुलांचा डॉक्टर म्हणून वीस वर्षं झाशीत काढलेली. सुजलेली पाळी म्हणजे टोचणीचं इन्फेक्शन, हे डोक्यात पक्कं. बाली काढायला लावली, मलम लिहून दिलं.

“साहब, छिदे तो दोनों एक ही दिन थे. और पहाड़ पे एक किलनी...”

“मलम लगाइए,” म्हणत मी पुढचा नंबर बोलावला.

तीन आठवड्यांनी सूज तशीच. मग ग्वाल्हेरच्या माझ्या वर्गमैत्रिणीला फोटो पाठवला. ती त्वचारोगतज्ज्ञ.

“दुसरा कान कसा आहे?” तिने फोनवर विचारलं.

“ठणठणीत.”

“मग सुई एकाच कानापुरती घाण होती का रे? मूल कुठे गेलं होतं?”

मी पूनमच्या आईला पुन्हा विचारलं, या वेळी हळू आवाजात. वडील हिमाचलात नोकरीला. उन्हाळ्यात सगळे तिकडे होते. कानामागे चिकटलेली किलनी, म्हणजे गोचीड, आईनेच ओढून काढली होती. काही गोचिडींच्या चाव्यातून लाइम नावाचा आजार होतो, आणि क्वचित एखाद्या मुलाच्या कानाची पाळी अशी सुजते. मी हे फक्त पुस्तकात वाचलं होतं. रक्ताची तपासणी झाली, पाळीचा कणभर तुकडा काढून बायोप्सी झाली. तेच निघालं. तीन आठवडे अँटिबायोटिक दिलं, सूज हळूहळू उतरली.

मग मी चिरगावला गेलो. म्हातारबा दुकानाच्या ओट्यावर बसले होते.

“बाबूजी, गलती मेरी थी. आपकी सुई ठीक थी.”

“सुई तो हमने बेतवा में सिरा दई, साहब,” ते शांतपणे म्हणाले. नदीत सोडून दिली होती. “डागदर ने कही, सो हमने सोची, मोड़ी के संगे पाप हो गओ.” मोड़ी म्हणजे पोर, त्यांची पूनम.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर त्यांनीच चहा मागवला.

सुजलेला कान आला की मी आता आधी दुसरा कान बघतो. म्हातारबांनी पुन्हा सुई धरली नाही, आणि चिरगावच्या आया मुलींचे कान टोचायला माझ्याकडे येतात. मी टोचतो. म्हातारबांइतकं सरळ भोक मला अजून जमत नाही.