उम्मेहानीची आंघोळ

मोमीनपुऱ्यात कोणी बाई गेली की नातेवाइकांना कळवायच्या आधी उम्मेहानीला बोलावणं जायचं. पोटापाण्यासाठी ती साड्यांना फॉल-पिको करायची. मयत झालेल्या बायकांना शेवटची आंघोळ घालायची, म्हणजे गुसल द्यायचं काम मात्र फुकट, आणि तेही तोऱ्यात. घरात रडारड चाललेली असली तर म्हणायची, "आधी पाणी तापवा. रडायला उभा जन्म पडलाय." पाणी जास्त कढत झालं की सुनेला झापायची, मेलेल्या माणसाला चटका बसत नाही हे तुला कोणी सांगितलं म्हणून. सासूशी उभा दावा मांडलेल्या सुनाही तिच्या हाताखाली मुकाट पाणी ओतायच्या.

तिची एकुलती एक मुलगी यास्मिन धायरीच्या एका शाळेत क्लार्क. आईबरोबर जायची, तांब्या धरायची. पण मयताला हात लाव म्हटलं की तिची पाचावर धारण बसायची. "मग मला आंघोळ कोण घालणार?" उम्मेहानी विचारायची. "तू कुठे चाललीस एवढ्यात," म्हणून यास्मिन विषय उडवून लावायची. धडधाकट आई असलेल्या सगळ्याच मुली असं बोलतात.

कोरोनाची दुसरी लाट आली आणि उम्मेहानी दवाखान्यात गेली ती परतलीच नाही. ती वारली त्या दुपारी यास्मिनला शवागाराच्या दाराशी बोलावलं. आई दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत बंद होती. पिशवी उघडायची नाही, आंघोळ नाही, नियम म्हणजे नियम. यास्मिननं हात जोडले, पाय धरले. अख्ख्या मोहल्ल्याला आंघोळ घातलेली माझी आई पारोशी जाणार, हे ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. आत असे सांगणारे सकाळपासून कितीतरी येऊन गेले होते. कोणी ऐकून घेतलं नाही.

मयत कबरस्तानात नेणाऱ्या मोहल्ल्यातल्या मुलांपैकी तालिब तिथे होता. त्याच्या आईलाही उम्मेहानीनंच आंघोळ घातली होती. तो म्हणाला, "आपा, पाणी घालता येत नसेल तर तयम्मुम चालतं. पाक, म्हणजे शुद्ध मातीवर हात मारायचा आणि पिशवीवरूनच चेहऱ्यावर, हातांवर फिरवायचा. मी करू, की तुम्ही? गाडी भरेपर्यंतच वेळ आहे."

"मीच करणार. माती आण."

माती आणायची कुठून? दवाखान्याच्या आवारात इथून तिथून सिमेंट आणि फरशी. यास्मिन सैरावैरा धावली. फाटकाजवळ कुंड्या होत्या, त्यांवर पाटी: 'कुंड्यांना हात लावू नये'. तिनं सरळ हात घातला.

"बाई, पाटी शोभेला लावलेली नाही," फाटकावरचा रखवालदार मच्छिंद्र म्हणाला.

"मूठभर माती हवीय हो. माझी आई गेलीय, तिला आंघोळ घालायचीय." पिशवीचं, पाक मातीचं सगळं तिनं भराभर सांगितलं.

मच्छिंद्र म्हणाला, "कुंडीत शेणखत घातलंय मी. चालेल का तुम्हाला?"

चालणार नव्हतं. माती पाक हवी. यास्मिननं हात बाहेर काढला. एवढ्या मोठ्या शहरात आईसाठी मूठभर माती मिळू नये, याचा तिला भयंकर राग आला. स्वतःचाही आला. मच्छिंद्रनं आपल्या जेवणाच्या डब्याचं झाकण धुतलं, पुसलं आणि तो इमारतीमागे गेला. तिथे पाइपासाठी नुकताच चर खणला होता. झाकणभर कोरडी तांबूस माती घेऊन तो आला. "खालची आहे. कोणी पाय दिलेला नाही तिच्यावर," म्हणाला.

तालिबनं तिला जास्तीचा पीपीई किट चढवला, हातमोजे दिले आणि पिशवीची डोक्याकडची बाजू दाखवली. यास्मिननं मातीवर तळवे टेकवले, झटकले आणि प्लास्टिकवरून आईच्या चेहऱ्यावर फिरवले. हात लावायची भीती कुठल्या कुठे गेली होती. कपाळ लागलं, मग नाक, आणि नाकाशी काहीतरी टोचलं.

चमकी होती. मयताच्या अंगावरचा दागिना आंघोळीआधी उतरवतात. चमकी घट्ट बसलेली असली तर उम्मेहानी साबण लावून, त्या बाईशी गप्पा मारत, तिला दुखणार नाही अशी काढायची. उम्मेहानीची मात्र कोणी काढली नव्हती.

"तालिब, पिशवीची चेन बोटभर उघड. चमकी राहिलीय तिची."

"नाही उघडता येत, आपा."

"बोटभर रे. मी काढते. मला येतं."

तालिब रडत होता, पण त्यानं नकारार्थी मान हलवली. मागून ड्रायव्हर आटपा म्हणाला. यास्मिननं पुन्हा मातीवर तळवे टेकवले आणि आईच्या दोन्ही हातांवरून फिरवले. गाडीचं दार लागलं, आणि उम्मेहानी चमकी घालूनच कबरीत गेली.