कोपराची पारख

१२ जानेवारी १८९६, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. प्रसूतिगृहात दाईने नवजात मुलाचे स्नानाचे पाणी कोपर बुडवून पाहिले, आणि मी, वैद्यकीची विद्यार्थिनी, क्षणात नऊ वर्षांची होऊन कल्याणच्या आमच्या देवघराशी जाऊन बसले.

आजी बाळकृष्णाचे पाणी असेच पाही. घरातल्या अकरा माणसांचे करून उरलेला तिचा सगळा जीव त्या बोटभर पितळी मूर्तीवर होता, आणि मला त्या मूर्तीचा विलक्षण मत्सर वाटे. आजीची चूक पकडायचीच, म्हणून ती तुळस खुडायला गेली की वडिलांच्या शाळेतला थर्मामीटर मी लहान घंगाळात चोरून बुडवी आणि आकडा वहीत टिपी. आठ दिवस पारा अठ्ठ्याण्णवावरून हलला नाही.

नवव्या दिवशी तो बराच वर चढला.

"आजी, तुझं कोपर चुकलं!" मी ओरडले.

"सोवळ्यातल्या पाण्यात काच बुडवलीस, कार्टे?" असे म्हणत तिने घाईने गार पाणी ओतले. "भाजलं असतं गं माझं बाळ!"

मी कार्टी, आणि तो बाळ! त्या जळफळाटात तिचे थरथरणारे हात मला दिसलेच नाहीत.

कोपर चुकले नव्हते. तापाने हुडहुडी भरली की जास्त ऊन पाणीही कोमट लागते, हे मी आता शिकले. तेव्हा थर्मामीटर माझ्याच हातात होता, पण तो तिच्या काखेत लावावा असे मला सुचले नाही. त्यानंतर पाचव्या दिवशी आजी गेली. तरी हेवा सरलेला नाही. तशा तापातही ती उठली होती ती त्या बाळकृष्णासाठी. वहीतला शेवटचा आकडा, त्या दिवशीच्या पाण्याचा, एकशे चार.